अडीच टक्के

एनिड ऑर्मरॉडनं अ‍ॅम्प्लिफायर आणला
नातवाच्या जुन्या बाबागाडीत निजवून,
वर मेणकापड. ब्लॅकबर्नचा फेब्रुवारी,
चढावर चाकं करकरत होती.
"क्लिफर्डनं बांधलेला," म्हणाली, "सहासष्ट साली.
क्लबात बिंगोचे आकडे यातूनच पुकारायचे.
आता नुसता गुरगुरतो.
आणि एक खरं सांग, चिटणीस,
चांगला होता का?
म्हणजे हा."

कंडेन्सर फुगलेला, एवढंच.
वीस मिनिटांचं काम.
पण चांगलेपणा मीटरवर येत नाही,
म्हणून मी तो कागद काढला,
व्हॉल्व्हच्या वक्ररेषांचा, कडा चहाच्या रंगाच्या,
आणि पट्टी तिरकी टेकवली:
खाली तीनशे व्होल्ट, वर तीन मिलिअँपिअर,
लाख ओहमांचा उतार.

ग्रिड उणे दीडवर बसलेला,
तिथं अ‍ॅनोडला दोनशे पाच.
ग्रिड एक व्होल्ट वर ढकला: एकशे एकेचाळीस.
एक खाली ओढा: दोनशे त्रेसष्ट.
दोन व्होल्ट दिले, एकशे बावीस मिळाले.
"एकसष्ट पट," मी म्हणालो.
"सहा नि एक, एकसष्ट!" ती ओरडली,
क्लबातल्या आवाजात,
आणि बशीतलं बिस्किट उचललं.

मग दुसरा हिशोब, लोक टाळतात तो.
उतरताना चौसष्ट, चढताना अठ्ठावन्न.
चाल तीच, एक पाय आखूड.
फरक सहाचा, भागिले दोनशे चव्वेचाळीस,
अडीच टक्के, जवळजवळ.
परिभाषाकोशात याला विरूपण म्हणतात.
विरूपण शूर्पणखेचं झालं.
हे म्हणजे आपण सा लावावा
आणि मागं कुणीतरी, न विचारता,
हळूच तार सा धरावा.

चेसिस उलटी केली
तर आतल्या पत्र्यावर पेन्सिलीनं क्लिफर्ड.
उतार तोच, लाखाचा. गेन एकसष्ट, बरोबर.
आणि खाली:
उतरताना एकसष्ट, चढताना एकसष्ट,
डिस्टॉर्शन शून्य.
शून्याखाली दोन रेघा.

शून्य कुठल्याच ट्रायोडचं येत नाही.
ज्याचा एकेक डाख मण्यासारखा गोल
त्याला हे ठाऊक नसेल?
मी भिंगातून काचेवरचा तुकडीचा नंबर वाचला.
त्या वर्षी, त्या शेडमध्ये, मी तपासनीस होतो;
ग्रिडच्या बाकावर उजवीकडून तिसरी
केसाहून बारीक तार दोन काड्यांवर गुंडाळायची,
श्वास धरून.

पत्रा पटकन बसवून टाकावा, वाटलं.
पण ती चष्मा लावून वाकलेलीच होती.
"शून्य?"
हसली, खोकली, पुन्हा हसली.
"मेला खोटारडा.
माझ्या सोमवारच्या जाळ्या
कधी एकसारख्या होत्या?
तूच तर परत पाठवायचास."

पाठवायचो. एका आठवड्यात अकरा.
मला सांगायचं होतं की हा वाक तारेचा नव्हे,
ट्रायोडची जातच तशी;
पण तिनं तो अडीच टक्के आपल्या नावावर घेतला होता
आणि सोडायला तयार नव्हती.

"फीडबॅकनं निम्मा करता येईल," मी म्हणालो,
"पण गेनही निम्मा जाईल."
"कशाला?"

नवा कंडेन्सर. स्विच.
तंतू हळूहळू नारिंगी झाले,
धूळ जळाल्याचा वास आला.
माइकवर तिनं दोनदा टिचकी मारली,
घसा साफ केला.
"दोन पाय, अकरा!"
भिंतीपलीकडे कुत्रं भुंकायला लागलं.
मी पेन्सिल त्या शून्यावर टेकवली होती,
खोडायला की तिसरी रेघ मारायला,
आता आठवत नाही.
पत्रा लावला. चार स्क्रू.
एक सापडला नाही.